साहित्यसिद्धांताच्या वर्गात बसण्याआधी

एम.ए. मराठीचे वर्ग सुरू व्हायला महिनाभर असेल, तर सिद्धांताच्या पुस्तकांना हात लावण्यापूर्वी एक कविता पाठ करा. माझं मत विचाराल तर बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळी आहेत. सिद्धांत कळला की नाही, हे व्याख्या धडाधड म्हणता येण्यावरून ठरत नाही. तो हातात घेऊन या आठ ओळींत आधी न दिसलेलं काही दिसलं, तर कळला. पहिल्या सहामाहीत मी नुसत्या नोट्सवर भागवलं होतं, आणि त्यातलं आज काहीही आठवत नाही.

भरताचं रससूत्र, म्हणजे नाट्यशास्त्रातलं रस कसा निष्पन्न होतो ते सांगणारं सूत्र, वहीत स्वतःच्या हातानं उतरवा. संस्कृत येत नसलं तरी चालेल, ग. त्र्यं. देशपांड्यांचं ‘भारतीय साहित्यशास्त्र’ शेजारी ठेवा. सूत्रातल्या ‘निष्पत्ती’ या एका शब्दावर थांबा. सूत्राच्या चार भाष्यकारांपैकी भट्टलोल्लट तिचा अर्थ उत्पत्ती घेतो, शंकुक अनुमिती (अनुमान), भट्टनायक भुक्ती (आस्वाद), अभिनवगुप्त अभिव्यक्ती (प्रकट होणं). चौघांचा रस एकाच ठिकाणी राहत नाही, आणि तिथूनच रस पात्रात, नटात की प्रेक्षकात हा वाद उभा राहतो. मग ‘औदुंबर’कडे वळा. तिच्यात माणूसच नाही. मग स्थायीभाव, म्हणजे ज्याचा रस होतो तो मनातला मूळ भाव, कुणाचा? एक अख्खी संध्याकाळ या प्रश्नाला द्या.

अॅरिस्टॉटल विंदा करंदीकरांच्या मराठीतून वाचता येतो. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, 1916 साली, पुस्तकरूपानं आली. त्यातली एक गोष्ट पक्की करा: भाषेत शब्दाला मोल मिळतं ते दुसऱ्या शब्दांहून असलेल्या वेगळेपणामुळे. ‘औदुंबर’मधली ‘पायवाट पांढरी’ हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते. यातला काळा एकटा घेऊन पाहा, मग हिरव्या-पांढऱ्याशेजारी ठेवून पाहा. हे उमगेपर्यंत फ्रेंच विचारवंत देरिदा उघडू नका.

संज्ञांसाठी वेगळी वही लागेल. इंग्रजीतल्या ‘फॉर्म’ला मराठीत कुणी रूप म्हणतो, कुणी आकृतिबंध, कुणी घाट. कोण कोणता शब्द वापरतो ते नावानिशी टिपा, नाहीतर दोन टीकाकार एकच गोष्ट सांगताहेत हेही ध्यानात येत नाही. भटकळ फाउंडेशनचा संज्ञा-संकल्पना कोश ग्रंथालयात कुठल्या कपाटात आहे, तेही पाहून ठेवा.

मर्ढेकरांचे संवाद, विरोध, समतोल हे लयीचे (कलाकृतीतले घटक एकमेकांशी कसे जोडले जातात त्याचे) नियम वाचून झाले की रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) घ्या. जाडजूड आहे. लौकिकतावादी (कलेचं नातं जीवनाशी जोडणारे) आणि अलौकिकतावादी (कला स्वायत्त मानणारे) ही त्यांची विभागणी समजेल इतकं आधी वाचा, बाकीचं वर्षभरात होतं.

मात्र शरणकुमार लिंबाळे यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ हाती घ्याल तेव्हा ‘औदुंबर’ पुरणार नाही. साहित्यानं आनंदच द्यावा, हे गृहीतच तिथे नाकारलेलं आहे. त्यासाठी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली एखादी कविता तितक्याच निगुतीनं पाठ करा, आणि मर्ढेकरांचे नियम तिला लावून पाहा. कुठे अडतं ते लिहून ठेवा.

वर्ग भरायच्या आदल्या रात्री एकही संज्ञा न वापरता ‘औदुंबर’वर एक पान लिहा. शेवटच्या ओळीतल्या ‘असला’ या शब्दाबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते त्यात आलंच पाहिजे. पानावर तारीख घाला आणि ते वहीच्या मागच्या कव्हरात ठेवा.