पोळ्यानंतरच्या पावसात तलावाकाठी दोघांनी तंबूत कसं राहावं

‘आला पोळा, पाऊस झाला भोळा’ असं म्हणतात. या म्हणीच्या भरवशावर तंबू घेऊन निघू नका. ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की बऱ्याचदा ते छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भाकडे सरकतं आणि गोंदिया-भंडाऱ्यात दोन-दोन दिवस झड लागते. तरी नवरा-बायकोला निवांत राहायचं असेल तर हंगाम हाच. तलाव काठोकाठ, बांध्यांमधला (बांध घातलेल्या शेततुकड्यांमधला) धान हिरवागार, अन् काठावर गर्दी नाही. एकच नियम पाळायचा: दिवसा हवं तितकं भिजा, पण रात्र कोरडी काढा. खालची सगळी खटपट त्या रात्रीसाठी आहे.

१. जागा ठरवा आणि आधी विचारा

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले तलाव, हजारोंनी आहेत, पण दिसली पाळ (तलावाचा बांध) की ठोकला तंबू, असं इथे चालत नाही. तलावाच्या पलीकडचं रान बहुतेकदा वन विभागाचं असतं आणि त्यात वाघ, बिबट, अस्वल खरोखरच असतात. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. म्हणून जिथे राखणदार, संडास आणि एखादी पक्की खोली आहे असंच ठिकाण निवडा. नवेगावबांधच्या तलावाकाठी पर्यटन संकुल आहे. हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. जिथे जाल तिथे निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: स्वतःचा तंबू लावू देता का, आणि रात्री पाऊस अंगावर आला तर खोली मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी जागा बघा. दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा, आणि गावात शेतावर राहणार असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला. त्याने निम्म्या चौकशा आपोआप मिटतात.

२. आभाळ आणि रस्ता बघा

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा निघायच्या आदल्या दिवशी आणि निघताना, असा दोनदा बघा. पिवळा असेल तर तयारीनिशी जा, नारिंगी असेल तर बेत पुढे ढकला, लाल असेल तर विषयच नाही. विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलमध्ये घालून ठेवा. नागपूरहून जाणाऱ्यांनी रायपूर महामार्गाने साकोलीपर्यंत जाऊन तिथेच सगळी खरेदी उरकावी आणि मग कोहमाऱ्याहून आत वळावं. आतल्या रस्त्यावर रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडीला उचलतं. समोरून ट्रॅक्टर गेला म्हणून आपलीही जाईल, असं नसतं.

३. सामान: एक जोडी पवित्र

दोघांचे झोपायचे कपडे, मोजे आणि एक चादर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी तंबूत झोपायला शिरल्यावरच उघडायची. ‘पाच मिनिटांसाठी घालतो’ म्हणून दुपारीच तिला हात घालणारा एकजण प्रत्येक जोडप्यात असतो, त्याच्यापासून ती लपवा. दिवसा लवकर वाळणारे कपडे वापरा, जीन्स घरीच राहू द्या. शिवाय मोठी ताडपत्री, नायलॉनची दोरी, दोन टॉर्च, मच्छरांचं मलम आणि जुनी वर्तमानपत्रं घ्या. ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत ते बरंच पाणी ओढतात.

४. तंबू लावणं

पाऊण यश इथे आहे, म्हणून घाई नको आणि अंधार पडायच्या आत उरका.

आधी माती बघा. धानपट्ट्यातला शेतकरी जमिनीला नावानं ओळखतो: कन्हार, मोरंड, सिहार, बरड. कन्हार म्हणजे काळी चिकण माती. ती फुगते, पाणी धरून ठेवते, खुंटी सकाळपर्यंत सैल होते आणि चप्पल पायातून निघून जाते. तंबूसाठी बरड किंवा मुरमाड उंचवटाच हवा. शंका असेल तर तांब्याभर पाणी ओतून पाहा: जिरलं तर ठीक, डबकं होऊन बसलं तर पुढे चला. तलावाच्या पाण्यापासून लांब आणि चांगलं उंचावर राहा. वरच्या भागात पाऊस झाला की पाणी रात्रीतून चढतं. सांडव्याच्या, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं त्या वाटेच्या, खालच्या अंगाला तर अजिबात नको. एकट्या उंच झाडाखाली नको, वाळक्या फांदीखालीही नको.

आता क्रम. पाऊस चालू असेल तर तंबूची पिशवी उघडायच्या आधी ताडपत्री ताणा. दोन झाडांमध्ये किंवा दोन बांबूंमध्ये डोक्याच्या वर दोरी बांधा, तिच्यावर ताडपत्री टाका आणि चारही कोपरे ओढून खुंट्यांना बांधा. एक कोपरा मुद्दाम वीतभर खाली ठेवा, म्हणजे पाणी एकाच बाजूने पडेल. सपाट ताणलीत तर मधोमध पोट सुटतं आणि मध्यरात्री बादलीभर पाणी एकदम अंगावर येतं. दोरीवरून ओघळत येणारं पाणी अडवायला छताच्या अलीकडे दोरीला चिंधीची गाठ मारा. पाणी गाठीपाशी येऊन चिंधीच्या टोकावरून टपकतं, आत येत नाही.

मग त्या छताखाली तंबू. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडा. ते बाहेर राहिलं तर पावसाचं पाणी झेलून बरोबर तुमच्या पाठीखाली आणून सोडतं. वरचं आवरण आतल्या कापडाला कुठेही चिकटू देऊ नका आणि वारा खेळायची झडप थोडी उघडी ठेवा. सगळं बंद केलं तर दोघांच्या श्वासाचीच वाफ थंड कापडावर जमून थेंब पडू लागतात आणि तंबू गळतोय म्हणून उगाच भांडण होतं.

५. चूल आणि जेवण

ओल्या रानात सरपण शोधत बसू नका. गावातून कोरड्या गोवऱ्या विकत घ्या आणि संकुलवाल्यांची परवानगी असेल तर मोकळ्या जागी चूल मांडा. पहिल्या दिवशी पानग्यांचा बेत करा. जाडसर कणिक मीठ-मोहन घालून घट्ट भिजवायची, तळहाताएवढे गोळे थापायचे, पळसाच्या दोन पानांत धरून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचे. पान करपलं की उलटायचे. सोबत वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. झड लागली तर गॅसची छोटी शेगडी ताडपत्रीखाली, तंबूच्या बाहेर पेटवा. तंबूत शेगडी किंवा निखारे कधीच नेऊ नका, कोंडलेला विषारी वायू जीव घेतो. रानात उगवलेल्या सात्या (अळंबी) गावातल्या जाणत्या माणसाने आणून दिल्या तरच शिजवा, स्वतः ओळखायला जाऊ नका.

६. रात्र

तंबूची चेन कायम लावलेली. मण्यार, झाडीपट्टीतला दांडेकार, रात्री फिरतो आणि त्याचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. पोटात कळा, पापण्या जड, बोलणं अडखळणं, असं काही वाटलं तर १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. उष्टं-खरकटं तंबूपासून लांब टाका. त्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. बूट घालण्याआधी झटका. विजा चमकायला लागल्या की तंबू सोडून पक्क्या खोलीत किंवा बंद गाडीत बसा. तंबूचं कापड विजेपासून वाचवत नाही.

७. दिवसा

पाण्यात उतरायचा मोह टाळा. खाली गाळ असतो, वेली असतात, ढीवर (मासेमार) बांधवांची जाळी असतात. त्यापेक्षा पाळीवर बसून धानाच्या बांध्या न्याहाळा. महाराष्ट्रातले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत आणि ते पावसाळ्यातच घरटं करतात. माणसाच्या उंचीचे हे पक्षी जोडीनं चरतात; एक मान खाली घालून चरत असतो तेव्हा दुसरा बघा, बऱ्याचदा मान वर करून उभा दिसेल. दुर्बिणीतूनच पाहा. बांधीत शिरलात तर धानही तुडवाल आणि घरटंही उघडं पाडाल.

८. परतल्यावर

तंबू ओलाच गुंडाळून आणावा लागतो, त्याला इलाज नाही. पण त्याच दिवशी गच्चीत किंवा पंख्याखाली पसरा, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास जन्मभर जात नाही. आल्या आल्या गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करा, गवतात वापरलेले कपडे वेगळे धुवा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक माइटची पिल्लं चावल्याने हा ताप येतो. काख, जांघ, कंबरपट्टा इथे काळी खपली दिसते का, हे एकमेकांचं बघा, कारण ती दुखत नाही आणि स्वतःला दिसतही नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, की आम्ही तलावाकाठी गवतात राहिलो होतो. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी हा ताप उतरतो.