सिरीयलवाल्यांना गोष्ट देताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात आता शूटिंगचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. वाईचा घाट, मेणवली, आजूबाजूची गावं, कुठं ना कुठं जनरेटरची गाडी उभी असतेच आणि चहाच्या टपरीवर युनिटमधलं कुणीतरी भेटतंच. लिहिणाऱ्या पोरापोरींना अंधेरीला न जाता इंडस्ट्री भेटते हे चांगलंच, पण फसगत पण आता घरबसल्या होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्द कुणी दिला हेच न बघणं. सेटवरचा असोसिएट (दिग्दर्शकाच्या हाताखालचा) म्हणतो "पुढच्या सिरीयलला तूच लेखक", तो दरवेळी खोटं बोलत असतो असं नाही, बऱ्याचदा त्याला मनापासून वाटत असतं, पण ते त्याच्या हातातच नसतं. लेखक कोण, कथा कुणाची, हे प्रॉडक्शन हाऊस आणि चॅनेल मिळून ठरवतात, चॅनेलनं नाही म्हटलं की प्रोड्युसरचा शब्दसुद्धा गेला. त्यामुळं कुणी काही कबूल केलं की सरळ विचारायचं, "दादा, ॲग्रीमेंटवर सही कुणाची असणार?" यात राग यायचं काही कारण नाही, आणि आला तर काय ते समजून घ्या.

दुसरं, तोंडी आयडिया सांगायची आणि मग वर्षभरानं टीव्हीवर तसलंच काहीतरी दिसलं की "माझी चोरली" म्हणून बोंब मारायची. १९५७ चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, १९७८ साली नाटककार आर. जी. आनंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट सांगितलंय. फौजीची बायको आणि खाष्ट सासू ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही, पण ती सासू खाष्ट का झाली, कुठल्या प्रसंगात मोडते, पहिल्या दहा भागांत काय काय घडतं हे तुम्ही लिहून काढलं की ते तुमचं. आणि विश्वासानं ऐकवलेल्या कन्सेप्टचंही अगदीच काही होत नाही असं नाही. २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल (कन्सेप्ट ऐकवणारी कंपनी) या प्रकरणात मुंबई हायकोर्टानं मालिकेवरची मनाई कायम ठेवली होती, कारण कन्सेप्ट नीट विकसित करून, लिहून, गोपनीय म्हणून दिल्याचे पुरावे होते. पुरावे होते, हे महत्त्वाचं.

म्हणून भेटून आलात की त्याच रात्री मेल टाका, व्हॉट्सॲपवर वर्ड फाइल नको. "सर, आज बोलल्याप्रमाणे बारा पानांची गोष्ट पीडीएफमध्ये जोडली आहे. ही फक्त तुमच्या विचारासाठी आणि गोपनीय आहे, हक्क माझ्याकडेच आहेत. पुढं गेलं तर कथा म्हणून नाव आणि मानधन आधी ठरवू." एवढं बास. त्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, कॉपीराइट ऑफिसची साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं तेव्हाच हक्क तयार होतो, पण भांडणात तारीख लागते. पोवई नाक्याच्या पोस्टातून स्वतःलाच पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचं, हा जुना जुगाड मात्र सोडा, कायद्यात त्याला वेगळं असं काही स्थान नाही.

आता आपल्या भागातलं खास दुखणं. "जरा भाषा बघून दे की" म्हणून एपिसोड येतात. स्क्रिप्टमध्ये असतं, "आई, तू माझ्यावर का रागावली आहेस?" आणि आपलं पोरगं करून देतं, "आये, का म्हणून डाफरतीस गं माझ्यावर?" सीन तिथंच जिवंत होतो, टाळ्या नटीला, संवाद म्हणून नाव मुंबईवाल्याचं, आणि पोराला सेटवरचं जेवण. पहिल्या एपिसोडला मदत करा, हरकत नाही, पण दुसऱ्याच्या आधी एपिसोडमागं किती आणि टायटलमध्ये नाव काय म्हणून, हे ठरवून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

ॲग्रीमेंट आलं की पैशाच्या आकड्याबरोबर हक्क किती वर्षांसाठी देताय हे वाचा. हक्क लेखी आणि सहीनंच हस्तांतरित होतात, मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर एका वर्षात वापर न झाल्यास हक्क परत तुमच्याकडे येतात. छापील फॉर्मात नेमकं हेच "कायमस्वरूपी" म्हणून मारलेलं असतं, तिथं बोला. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगायचा अधिकार कलम ५७ नं तुमच्याकडेच राहतो. पेमेंट ९० दिवसांनी येणार असेल तर ते ९० कुठल्या तारखेपासून, हेही लिहून घ्या. मानधनातून कापलेला टीडीएस (कर) खरंच भरलाय का ते इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये (२६एएस) दिसतं.

रोल देतो, संघटनेचं कार्ड काढून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याबद्दल बोलायला नकोच, उठून यायचं.

आणि पैसे अडकलेच असतील तर "सर बघा ना जरा" असले मेसेज थांबवा. तारखा आणि एपिसोड नंबर घालून एक मेल करा, मग वकिलाची नोटीस. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, प्रोड्युसर गोड बोलून ती सहज घालवतो. असोसिएशनचे सभासद असाल तर त्यांच्या तंटा समितीकडे जाता येतं. तोवर ज्या फोनवर सगळं बोलणं झालंय तो दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नका, कोर्टात नुसत्या स्क्रीनशॉटवर भागेलच असं नाही.