गोळ्या न घेता पिंपल्सवर लाइट, लेझर : आपल्या गव्हाळ-सावळ्या स्किनसाठी कसं करायचं

आधी आरशात नीट बघा. लाल, पू धरलेले बारीक पिंपल्स असतील तर निळ्या लाइटचा उपयोग होतो, पण नुसते ब्लॅकहेड्स असतील तर फारसा नाही, आणि आत ठणकणाऱ्या गाठी असतील तर लाइटचा मास्क (चेहऱ्यावर धरायचा, आतून एलईडी दिवे असलेला) मागवत बसू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा कारण त्या गाठी खड्डे ठेवून जातात.

निळा लाइट साधारण 415 नॅनोमीटरचा (ही लाइटच्या लहरीची लांबी). पिंपल्सचे बॅक्टेरिया स्वतःच पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्यावर हा लाइट पडला की रिॲक्शन होऊन ते जागीच मरतात. लाल लाइट, 630च्या आसपासचा, जरा खोल जाऊन सूज उतरवतो, म्हणून दोन्ही असलेला मास्क घ्या.

चेहरा धुवून कोरडा करा, क्रीम-मेकअप काही नको, डोळ्यांना गॉगल लावाच. पहिल्यांदा फक्त जबड्याच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी लाइट देऊन दोन-तीन दिवस थांबा, काळपट पडतंय का बघा. हे अगदी कळकळीने सांगतेय, कारण आपल्या स्किनवर निळ्या लाइटनेही पिगमेंटेशन येऊ शकतं, आणि पिंपल आठवड्यात बसतो पण डाग महिनोन् महिने हलत नाही. वांग असतील तर निळा लाइट नकोच.

सगळं ठीक वाटलं तर मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढाच वेळ, बहुतेक मास्कना 10 ते 20 मिनिटं, आणि किमान 8 आठवडे तरी धरून चला. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. मी तिसऱ्या आठवड्यात सोडूनच देणार होते, पण फोटो शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा डाव्या गालावरची लाली उतरलेली दिसली.

क्लिनिकमध्ये जाणार असाल तर मशीन कुठलं ते विचारा. आयपीएल, म्हणजे तीव्र लाइटचे झोत मारणारं मशीन, सावळ्या स्किनला भाजू शकतं, स्वस्त पॅकेज आहे म्हणून घेऊ नका. 1726 नॅनोमीटरचा लेझर थेट तेलग्रंथींवर काम करतो, अमेरिकेत त्याला 2022 मध्ये एफडीएची (तिथल्या औषध नियामक संस्थेची) मंजुरी मिळाली, त्यात साधारण महिन्याच्या अंतराने 3 सिटिंग असतात. फोटोडायनॅमिक थेरपीमध्ये आधी चेहऱ्यावर औषध लावतात, मग लाइट देतात, म्हणजे ते बिनऔषधाचं नाहीच. डॉक्सीसायक्लिन (स्किन लाइटला नाजूक करणारी अँटिबायोटिक गोळी) चालू असेल किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार), फिट्स असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, घरच्या मास्कसाठीसुद्धा.

आणि लाइट बंद केला की पिंपल्स परत येऊ शकतात, त्यामुळे फरक पडल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा चालू ठेवा, सनस्क्रीन मात्र रोज.