कुत्रा सतत अंग चाटत असेल तर काय करावे

कुत्र्याने अंग चाटण्यात वावगे काही नाही. खाऊन झाल्यावर पंजे चाटणे, झोपण्यापूर्वी अंग साफ करणे, भिजून आल्यावर पोट चाटून कोरडे करणे हे त्याच्या स्वभावातच असते आणि ते थोड्या वेळात आपोआप थांबते. काळजी करण्याजोगे चाटणे वेगळे दिसते. हाक मारली तरी कुत्रा थांबत नाही, थांबला तरी लगेच त्याच जागी वळतो, झोपेतून उठून चाटू लागतो आणि मधूनमधून पुढच्या बारीक दातांनी कातडी कुरतडतो. फिकट रंगाच्या कुत्र्याच्या पंजांवरचे केस तांबूस-तपकिरी झाले असतील, तर हे चाटणे बरेच दिवस चालू आहे असे समजावे. लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्यामुळे पडणारा तो डाग असतो आणि तो एका दिवसात चढत नाही.

चाटल्याने जखम भरते, हा समज मात्र डोक्यातून काढून टाकावा. लाळेत जंतूंना थोडाफार अटकाव करणारे घटक असतात हे खरे. पण सतत ओली राहिलेली त्वचा मऊ पडून सोलवटते, आणि एरवी तिच्यावर निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू व मॅलासेझिया ही यीस्ट-बुरशी त्या ओलाव्यात झपाट्याने वाढतात. या दोघांमुळेही खाज सुटते. म्हणजे खाज आली म्हणून कुत्रा चाटतो आणि चाटले म्हणून खाज वाढते. मूळ कारण नाहीसे झाले तरी हे चक्र चालूच राहू शकते. म्हणूनच तोंड त्वचेपर्यंत पोहोचू न देणे आणि खाजेचे कारण शोधणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. पहिलेच काम केले तर कुत्रा दुसरी जागा शोधतो, आणि दुसरेच केले तर औषधाचा गुण येण्याआधी जखम चिघळते.

आधी नीट पाहावे

भरपूर उजेडात कुत्र्याला कुशीवर झोपवून केस उलट्या दिशेने बोटांनी दूर करत सगळे अंग तपासावे. पंज्यांची बोटे एकेक करून फाकवावीत, तळव्यांच्या गाद्यांमधली कातडी पाहावी, कानाची पाळी उलटून आत डोकावावे, काखा, जांघा आणि शेपटीचे बूड विसरू नये. लाली, खपल्या, पुटकुळ्या, केस गेलेली जागा, तेलकटपणा, काळवंडलेली व जाड झालेली कातडी, आंबूस वास, यांपैकी जे आढळेल त्याची नोंद करावी आणि शक्य असल्यास फोटो काढून ठेवावा. रोज पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही, फोटोत तो दिसतो.

पिसवा दिसल्या नाहीत म्हणजे त्या नाहीत असे नव्हे. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी अगदी कातडीला टेकवून फिरवावी आणि फणीत आलेला कचरा ओल्या पांढऱ्या टिपकागदावर झटकावा. काळ्या कणांभोवती काही क्षणांत तांबडट वलय पसरले, तर ती माती नसून पिसवांची विष्ठा आहे. तिच्यातले पचलेले रक्त पाण्यात विरघळते. मातीचा कण काळाच राहतो.

कुत्रा कुठे चाटतो यावरूनही बरेच कळते. शेपटीचे बूड आणि मांड्यांचा मागचा भाग हा पिसवांच्या अ‍ॅलर्जीचा ठरलेला प्रदेश आहे. पंजे, काखा, पोट, कान आणि तोंडाभोवतीचा भाग खाजत असेल, तर परागकण, धुळीतले सूक्ष्म कीटक किंवा बुरशी यांची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव अधिक असतो; ती बहुधा वयाच्या 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत डोके वर काढते. कानांच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे यांवर खपल्या धरून प्रचंड खाज असेल तर खरजेची शंका घ्यावी, आणि ही खरूज माणसांनाही त्रास देते हे लक्षात ठेवावे. एकच पंजा, तोही अचानक, कुत्रा चाटू लागला असेल तर बोटांच्या बेचक्यात कुसळ, काटा किंवा काच रुतलेली असू शकते. गुदद्वाराशीच चाटत असेल तर तिथल्या ग्रंथी तुंबलेल्या असण्याची शक्यता असते. ही लक्षणे दिशा दाखवतात, निदान करत नाहीत. पिसवा आणि अन्नाची अ‍ॅलर्जी एकाच कुत्र्याला एकाच वेळी असू शकते.

तोंड अडवणे

गळ्यात घालायची शंकूच्या आकाराची कॉलर पाहून अनेकांना कुत्र्याची दया येते आणि ती पहिल्याच रात्री निघते. माझ्या मते उपचार लांबण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, कारण आठवडाभरात धरलेली खपली तासाभराच्या चाटण्याने निघून येते. कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे थोडी आलेली असावी. ती आखूड असेल तर कुत्रा मान वळवून पंजा गाठतोच. गळा आणि पट्टा यांच्यात दोन बोटे सहज शिरावीत. कॉलर घालताना आतल्या बाजूने खाऊ दाखवून कुत्र्याने आपणहून डोके आत घालावे अशी सवय लावली, तर ओढाताण होत नाही. पहिल्या दिवशी तो दारांना आणि भिंतींना धडकतो, जागीच गोठल्यासारखा उभा राहतो. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सरावतात. खाण्यापिण्याची भांडी थोडी उंचावर किंवा कॉलरच्या आत मावतील अशी ठेवावीत. कॉलरच्या खालची मान रोज तपासावी आणि आतल्या बाजूला साचलेली लाळ व अन्नकण पुसून घ्यावेत.

हवा भरलेली गोल कॉलर आरामदायी असते, परंतु लांब नाकाच्या कुत्र्याला ती घालूनही पंजे आणि शेपूट गाठता येते. पाठ किंवा बरगड्यांसाठी ती पुरते. पोट आणि छातीसाठी अंगभर बसणारा सुती अंगरखा चांगला. पंज्यावर मोजा घालता येतो, पण लक्ष ठेवणारे कोणी असेल तेवढ्याच वेळेपुरता, कारण ओला झालेला मोजा नुसत्या चाटण्यापेक्षा वाईट आणि गिळलेला मोजा आतड्यात अडकतो. घट्ट पट्टी घरी बांधू नये. रक्तप्रवाह अडून पंजा सुजतो. चव कडू करणारे फवारे काही कुत्र्यांवर चालतात, काहींवर मुळीच नाही, आणि सोललेल्या कातडीवर ते झोंबत असल्याने जखमेवर कधीच मारू नयेत.

धुणे आणि थंडावा

खाज भडकलेली असताना थंड पाण्यात पिळलेले स्वच्छ कापड त्या जागी पाच-दहा मिनिटे धरावे आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. फिरून आल्यावर पंजे व पोट साध्या पाण्याने धुतले की चिकटलेले परागकण निघून जातात. परंतु त्यानंतर बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या केल्या नाहीत तर केलेले सगळे उलटते.

आंघोळीला पाणी कोमट असावे, गरम नको, कारण उष्णतेने खाज वाढते. माणसांचा शाम्पू वापरू नये. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने उदासीनतेकडे झुकणारी, त्यामुळे आपल्यासाठी बनवलेले साबण तिला कोरडे पाडतात. पशुवैद्याने क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू दिला असेल तर तो फेस करून लगेच धुऊन टाकण्यात अर्थ नाही. तो अंगावर 10 मिनिटे राहू द्यावा लागतो. घड्याळ लावून बसावे, तेवढा वेळ कुत्र्याचे अंग हलक्या हाताने चोळत राहावे, आणि मग पाणी अगदी नितळ वाहू लागेपर्यंत धुवावे.

एखाद्या जागी काही तासांतच ओला, लाल, चिकट आणि दुखरा चट्टा उठतो व भराभर पसरतो. त्याला हवा लागणे महत्त्वाचे असते. कुत्रा करू देत असेल तर भोवतालचे केस चट्ट्याच्या कडेपलीकडे थोडे अंतर सोडून मशीनने कापावेत. कात्री वापरू नये, कारण चिकटलेल्या केसांबरोबर कातडी सहज कापली जाते. नंतर सलाइनने पुसून चट्टा कोरडा होऊ द्यावा. हात लावताच कुत्रा गुरगुरत असेल तर हे काम पशुवैद्यावर सोपवावे, कारण तिथे खरोखर वेदना असते.

घरात दिसेल ते मलम लावण्याचा मोह आवरावा. कुत्रा जे अंगावर असेल ते पोटात घेतो. सोरायसिसवरच्या कॅल्सिपोट्रिऑलच्या मलमाची थोडीशी मात्राही रक्तातले कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडे निकामी करू शकते. झिंक ऑक्साइडची मलमे आणि टी ट्री तेल हेही विषारी ठरते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी भरत आलेली पेशीजाळी जळते. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा सर्दीच्या मिश्र गोळ्या मनाने देऊ नयेत.

कारणाचा माग

पिसवांचा बंदोबस्त सर्वांत आधी करावा, त्या दिसोत वा न दिसोत. प्रौढ पिसवा अंगावर असतात खऱ्या, पण अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गालिच्यात व फटींमध्ये पडलेले असतात. म्हणून घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध, अंथरुणे गरम पाण्यात धुणे आणि रोजची झाडलोट, हे सर्व किमान तीन महिने चालवावे लागते. कोषातल्या पिसवांना औषध लागू पडत नसल्याने मध्येच पुन्हा पिसवा दिसल्या तरी औषध बदलण्याची घाई करू नये. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या जिवावर बेतते, तेव्हा घरात मांजर असल्यास ते पशुवैद्याला आधी सांगावे; कुत्र्याला कधी फेफरे आले असेल तर तेही सांगावे, कारण पिसवा-गोचिडांवरच्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

अन्नाची शंका असेल तर ती रक्त तपासून खात्रीने मिटत नाही. त्यासाठी किमान 8 आठवडे एकच ठरलेला आहार द्यावा लागतो, ज्यातले प्रथिन कुत्र्याने पूर्वी कधी खाल्लेले नाही किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करून बनवलेले पशुवैद्यकीय खाद्य. या काळात बिस्किटे, ताटातला तुकडा, चव लावलेल्या गोळ्या, सगळे बंद. बीफ, चिकन, दुधाचे पदार्थ आणि गहू ही कुत्र्यांमध्ये अ‍ॅलर्जीची नेहमीची कारणे आहेत, त्यामुळे नुसता खाद्याचा ब्रँड बदलून काही कळत नाही. डब्यावरचे नाव बदलते, आतले प्रथिन तेच राहते. खाज कमी झाली तर जुने खाद्य पुन्हा सुरू करून ती परतते का हे पाहावे, तेव्हाच निष्कर्ष पक्का होतो.

पू, दुर्गंधी, रक्त, सूज, ताप, मरगळ, सतत डोके झाडणे, किंवा एक-दोन दिवसांत न ओसरलेली लाली दिसली तर थेट पशुवैद्याकडे जावे, आणि तातडीची जखम नसेल तर जाण्याआधी आंघोळ घालू नये. त्वचेवर चिकटपट्टी लावून किंवा ती खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहायचे असते ते आंघोळीने धुऊन जाते. संसर्ग असेल तर त्याचे औषध, आणि अ‍ॅलर्जीच्या खाजेसाठी ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या, लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असे पर्याय असतात. ऑक्लासिटिनिब 12 महिन्यांखालील पिल्लांना देत नाहीत. प्रेडनिसोलोनने तहान, भूक आणि लघवी वाढते आणि ते मनाने एकदम बंद करता येत नाही. ओमेगा-3 तेलाचा उपयोग होतो, पण तो दिसायला दोन-तीन महिने लागतात.

पुढच्या पायाच्या मनगटावर एकच जागा चाटून चाटून तिथे जाड, केसरहित गाठ तयार झाली असेल, तर कंटाळा आला म्हणून चाटतो असे म्हणून सोडून देऊ नये. अशा गाठीत खोलवर संसर्ग असतो, त्याला अनेक आठवडे औषध लागते, आणि कधी कधी खालचा सांधाच दुखत असतो. शारीरिक कारणे तपासून झाल्यावर मात्र एकटेपणा आणि रिकामा वेळ यांकडे वळावे. चाटण्याची ठरलेली वेळ येण्याआधीच फिरायला नेणे, वास घेत खाऊ शोधायला लावणे, चघळायला देणे यांचा उपयोग होतो. रागावण्याचा होत नाही. भ्यालेला कुत्रा अधिक चाटतो, आणि ओरडण्याच्या निमित्ताने मिळालेले लक्षही काहींना हवेसे वाटते.

त्वचा कोरडी झाली, लाली गेली, खपली आपोआप गळली आणि केसांचे बारीक खुंट दिसू लागले की कॉलर काढून पाहावी, तीही आधी आपण समोर बसलेले असताना आणि थोडाच वेळ. रात्री ती पुढचे काही दिवस गळ्यात राहू द्यावी. काढल्याबरोबर कुत्रा त्याच जागी गेला, तर कॉलर परत घालून पशुवैद्याला कळवावे, कारण जखम भरली असली तरी खाज अजून आत आहे.