कॅसिनीच्या चित्रांवरून शनीची कडी कशी मोजायची

जून ते सप्टेंबर ठाण्यात गच्चीवर दुर्बीण मांडण्यात अर्थ नसतो, आणि येऊरला चढून गेलात तरी वर ढगच. हे चार महिने एका कामाला बरे आहेत: कॅसिनी यानाने शनीच्या कड्यांजवळून जाताना काढलेली मूळ चित्रं उघडायची आणि त्यांवर मोजमाप करायचं. साठा फुकट आहे, लॅपटॉप साधा चालतो, एक फाइल फार तर ४ एमबीची.

आधी काळ निवडा. १ जुलै २००४ ला यान शनीच्या कक्षेत शिरलं, तेव्हाची चित्रं कड्यांच्या अंधाऱ्या, म्हणजे ऊन न पडणाऱ्या, बाजूची आहेत. ऑगस्ट २००९ च्या विषुवाच्या आसपास सूर्य कड्यांच्या पातळीत आला होता, त्यामुळे तेव्हा सावल्या लांबच लांब पडल्या. नोव्हेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ मध्ये एफ कड्याला (कड्यांना ए, बी, सी अशी अक्षरांची नावं आहेत) लागून २० फेऱ्या झाल्या, आणि २६ एप्रिल ते १५ सप्टेंबर २०१७ या काळात कडी आणि ग्रह यांमधून २२ वेळा यान आरपार गेलं. नवखे लोक या शेवटच्या भागावर झडप घालतात, कारण यान तिथे सगळ्यात जवळ होतं. पण कॅसिनीचा कॅमेरा यानाच्या अंगातच बसवलेला होता, स्वतंत्रपणे वळत नव्हता. पहिल्या उडीत, आणि नंतरच्याही काही उड्यांत, ४ मीटरचा अँटेना ढालीसारखा पुढे धरला होता. अशा वेळी कॅमेरा कुठे बघेल हे ढाल ठरवते. म्हणून सर्वांत जवळचा क्षण न शोधता त्याच्या आगेमागचे काही तास चाळा.

शोधायला नासाच्या ग्रहीय माहितीसाठ्यातलं ‘ओपस’ हे साधन वापरा. उपकरण म्हणून कॅसिनीचा आयएसएस कॅमेरा (अंतराळ स्थानकाशी याचा संबंध नाही) निवडा आणि कड्यांच्या भूमितीच्या रकान्यांत त्रिज्या १,३३,००० ते १,३७,००० किमी भरा. हा ए कड्याचा बाहेरचा पट्टा आहे. एंके आणि कीलर या दोन्ही फटी त्यात येतात. रेडियल रिझोल्यूशन, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने एका पिक्सेलमध्ये किती किमी मावतात ते, पिक्सेलमागे ५ किमीच्या आसपास ठेवा. फाइलच्या नावात सुरुवातीला एन असेल तर अरुंद कोनाचा कॅमेरा, डब्ल्यू असेल तर रुंद कोनाचा. पुढचा लांबलचक आकडा म्हणजे यानाच्या घड्याळाचे सेकंद. डाउनलोड करताना कॅलिब्रेटेड, म्हणजे कॅमेऱ्याचे दोष काढून उजेड मापात आणलेली, आवृत्तीच घ्या. जेपीजी झलक फक्त ओळखीपुरती, तिच्यातला उजेड ताणलेला असतो.

उघडायला इमेजजे (ImageJ) हा चित्रं मोजायचा फुकट प्रोग्राम पुरेसा आहे. इम्पोर्टमध्ये रॉ निवडा, प्रकार ३२ बिट रिअल, रुंदी आणि उंची १०२४. ऑफसेटचा, म्हणजे चित्राआधी सोडायच्या बाइटांचा, आकडा फाइलच्या अगदी सुरुवातीच्या लेबलात, एलबीएलसाइझ (LBLSIZE) या शब्दापुढे असतो. चित्राऐवजी नुसता खसखशीसारखा गोंगाट दिसला तर लिटल-एंडियनची (बाइटांच्या क्रमाची) खूण उलटी करा. लेबलात रिअलएफएमटीपुढे (REALFMT) आरआयईईई (RIEEE) लिहिलेलं असेल तर ती खूण लागतेच. कॅलिब्रेट न केलेली फाइल घेतलीत आणि चित्र तिरपं, फाटल्यासारखं आलं, तर कारण वेगळं: तिच्यात प्रत्येक ओळीआधी २४ बाइट जादा असतात. प्रकार ८ बिट आणि रुंदी १०४८ द्या, मग डावीकडची २४ पिक्सेलची पट्टी कापून टाका. काही चित्रं ५१२ च्या आकाराची असतात, तिथे रुंदी ५३६ घ्या.

आता मोजमाप. अरुंद कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलचा कोन साधारण ६ मायक्रोरेडियन (रेडियनचे ६ दशलक्षांश), म्हणजे ५ लाख किमीवरून एक पिक्सेल ३ किमी. गडबड इथेच होते: लोक यानाचं शनीच्या केंद्रापासूनचं अंतर घेतात. दूरच्या चित्रात ते खपून जातं. यान कड्यांच्या डोक्यावर असताना मात्र चित्रातल्या बिंदूपर्यंतचं अंतर पूर्णपणे निराळं असतं आणि उत्तर कित्येक पटींनी चुकतं. शिवाय कडी तिरकी दिसत असली तर काठाला काटकोनात काढलेली रेघ त्रिज्येच्या दिशेने जातेच असं नाही.

यावर साधा उपाय आहे. एंके फट केंद्रापासून १,३३,५८९ किमीवर, कीलर १,३६,५०५ किमीवर. मधलं अंतर २,९१६ किमी. दोन्ही फटी ओलांडणारी एक सरळ रेघ काढा, प्लॉट प्रोफाइल (रेघेवरच्या उजेडाचा आलेख) घ्या आणि दोन खड्ड्यांच्या मध्यांमधले पिक्सेल मोजा. २,९१६ ला त्या संख्येने भागा: त्या रेघेवर एक पिक्सेल त्रिज्येत किती किमी सरकवतो ते मिळालं, मग रेघ थोडी तिरकी असली तरी बिघडत नाही. पडताळणीला एंकेची रुंदी सुमारे ३२५ किमी यायला हवी. कीलर सुमारे ४० किमी, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे अंतराहून थोडी जास्त; पिक्सेलमागे ५ किमी असेल तर जेमतेम आठ पिक्सेल, तेव्हा तिच्यावरून दशांशातली उत्तरं काढू नका.

२००९ च्या सावल्यांचं गणित याहून मजेचं. ओपसमधला आपाती कोन (ऊन कड्यांच्या पातळीच्या लंबाशी करतं तो) ९० मधून वजा केलात की सूर्याची उंची मिळते. आपाती कोन ८९.५ अंश असेल तर उंची अर्धा अंश, आणि १ किमी उंचवट्याची सावली सुमारे ११५ किमी पडते. सावलीची लांबी गुणिले त्या उंचीचा टॅन, झालं. बी कड्याच्या बाहेरच्या काठावर अडीच किमीपर्यंत उंच सुळके याच पद्धतीने सापडले, आणि तेही जिथे कड्यांची जाडी साधारण १० मीटर असते तिथे. सावली पडते त्या दिशेतलं माप वरच्या पट्टीने घेऊ नका, ती फक्त त्रिज्येपुरती आहे.

उजेडावरून दाटी ठरवताना कोणती बाजू दिसतेय ते आधी बघा. उजळ बाजूने बी कडं सर्वांत तेजस्वी, पण अंधाऱ्या बाजूने तेच जवळजवळ काळं, कारण दाट असल्यामुळे प्रकाश पार होत नाही. उलट विरळ सी कडं उजळतं. फेज कोन (कड्यापासून सूर्य आणि यान यांच्या दिशांमधला) १५० अंशांच्या पुढे असेल तर बारीक धूळ झळकते, म्हणून एफ कडं अशा चित्रात अचानक भाव खातं.

आणि एखादा सुटा पांढरा ठिपका दिसला की लगेच नवा चंद्र म्हणून नाचू नका. त्याच जागेचं पुढचं चित्र उघडा. ठिपका गायब असेल तर तो कॉस्मिक किरणाचा फटका. कड्यांबरोबर पुढे सरकलेला असेल आणि दोन्ही बाजूंना पंख्याच्या पात्यासारखी शेपटं असतील, तर ते ‘प्रोपेलर’, म्हणजे कड्यात दडलेल्या छोट्या चंद्रकाने केलेली खळबळ, असण्याची शक्यता आहे. मग त्याची त्रिज्या काढा आणि तिसऱ्या चित्रात तीच येते का ते तपासा.