ऑक्टोबरच्या वाचनाची तयारी

वर्षाच्या सुरुवातीला वर्षभरात २४ पुस्तकं वाचायचं चॅलेंज घेतलं असेल, तर सप्टेंबरअखेर १८ व्हायला हवीत. तुमची किती झाली ते आधी मोजा. चार-पाच मागे असाल तरी घाबरायचं कारण नाही, कारण ऑक्टोबर हा वाचणाऱ्यांचा हक्काचा महिना आहे. १५ तारखेला डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस येतो आणि २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, त्यामुळे वाचनालयांत, शाळांत पुस्तकांचीच चर्चा असते. मागोमाग दिवाळी अंक येतात. मात्र राहिलेला आकडा भरायला शंभर-शंभर पानांची पुस्तकं ओळीने लावू नका. असा महिना संपतो तेव्हा आकडा जुळलेला असतो, पण त्यातलं काय वाचलं ते आठवत नाही. दिवसाच्या कुठल्या वेळेला कुठलं पुस्तक, एवढं नीट ठरवलं की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं. खरी तयारी तीच.

चॅलेंजच्या यादीतले रकाने, म्हणजे कुठकुठल्या प्रकारचं पुस्तक वाचायचं ते, एकदा कागदावर उतरवून काढा: अनुवादित, प्रवासाचं, शंभर वर्षांपूर्वीचं, कवितेचं, नाटक, जे काही असेल ते. एक पुस्तक दोन रकान्यांत बसत असलं तरी एकाच रकान्यात धरा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आपण एरवी ज्या कपाटाकडे फिरकत नाही तिथे जावं, म्हणून तर हे रकाने असतात. ती वाटच वाचवली तर चॅलेंज कशाला घ्यायचं?

महिन्याचं मुख्य पुस्तक एकच ठेवा आणि ते पहिल्याच आठवड्यात उघडा. माझी शिफारस विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची. जुनं आणि प्रवासाचं, दोन्ही रकाने समोर येतील. वर म्हटल्याप्रमाणे त्यातला एकच निवडा. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरावरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत निघाले आणि थेट १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुस्तक हाती घेण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा. पहिली, आवृत्ती. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी ते छापलं, पण मूळ मजकुरावर संपादकाचा हात फिरवून. गोडसे भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. वाचनालयाच्या कपाटात यातली कुठली प्रत आहे ते प्रस्तावनेवरून कळेल. मिळाली तर मूळ मजकुराची घ्या, भाषा जरा अवघड लागली तरी चालेल. दुसरी गोष्ट, उत्तर हिंदुस्थानचा नकाशा. तो उघडा ठेवून वाचलं की माणूस किती पायी चालला याचा अंदाज येतो आणि एरवी नुसती नावं वाटणारी गावं मनात पक्की बसतात. जुन्या गद्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात दहा-बारा पानं झाली तरी पुष्कळ झाली. म्हणून दिवसातला सगळ्यात ताजा वेळ याला द्या, पहाटेचा असो की रात्री घर निजल्यावरचा.

घरात मुलं असतील तर संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी प्रकरणांऐवजी रात्रींत बांधलं आहे, त्यामुळे रोज एक रात्र मोठ्याने वाचायला त्याच्याइतकं सोयीचं पुस्तक नाही. फक्त हिशेब आधी करा. रात्री ४२ आहेत आणि ऑक्टोबरचे दिवस ३१. म्हणजे अकरा दिवस दोन-दोन रात्री घ्याव्या लागतील. शनिवार-रविवार, गांधी जयंती आणि त्यांच्या जोडीला मधले काही दिवस धरले की ते जमतं. पण ही जोडी महिन्याच्या पूर्वार्धात उरका. शेवटाकडे कर्ज, अपमान आणि आईचं आजारपण येतं. तिथे एका दिवसात दोन रात्री वाचू नका. मुलं प्रश्न विचारतात, गप्प होतात, त्यांना तेवढी उसंत हवी.

कवितेला वेगळा वेळ काढायची गरज नाही. बहिणाबाईंचं पुस्तक स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा आणि सकाळच्या चहाबरोबर एक कविता वाचा, पण वाचा मोठ्याने. खानदेशातली ती बोली नुसत्या डोळ्यांनी वाचली तर अडखळायला होतं. कानावर पडली की अर्थ आपसूक उलगडतो. नाटक असेल तर रविवारची दुपार आणि एकच बैठक. घरातल्यांनी पात्रं वाटून घेतली तर फारच छान.

अनुवादात शेजारच्या भाषेकडे बघा. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून मराठीत आणल्या आहेत. मात्र ‘पर्व’सारखं जाडजूड पुस्तक मुख्य पुस्तकाच्या जोडीला घेऊ नका, त्याला स्वतःचा महिना द्यावा लागतो.

‘रणांगण’ किंवा ‘बनगरवाडी’ यांतलं एक पुस्तक राखीव म्हणून बाजूला काढून ठेवा. दोन्ही लहान, दोन्ही दोन-तीन बैठकांत संपणारी, आणि आकारावरून त्यांची किंमत करू नये अशी. शेवटच्या आठवड्यात फराळाची नाहीतर पाहुण्यांची गडबड निघाली की हे राखीव पुस्तकच कामी येतं.

पुस्तकं जमवायचं काम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरका. वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर भरून टाका, पुस्तक किती दिवसांत बदलावं लागतं ते विचारा आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुट्ट्या टिपून घ्या. पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलेलं असेल तर नाव नोंदवून ठेवा. विकत घेणं शक्य नसेल तरी अडत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन हक्कमुक्त होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ मराठी विकिस्रोतावर बिनदिक्कत वाचता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. त्यातली जुनी, छापील पानांवरून स्कॅन केलेली पीडीएफ फोनवर वाचताना डोळे शिणतात. टॅबलेट किंवा लॅपटॉप असेल तरच त्या भरवशावर राहा.

दिवाळी अंकांचं काय करायचं, हेही आधीच ठरवा. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या वाचनात त्यांचं स्थान पुस्तकाइतकंच आहे, तेव्हा पूर्ण वाचलेला अंक चॅलेंजमध्ये एक पुस्तक म्हणून धरायला माझ्या मते काहीच हरकत नाही. दोन कथा आणि भविष्य वाचून ठेवलेला अंक मात्र धरू नका. बऱ्याच वाचनालयांत अंकांसाठी वेगळ्या वर्गणीची योजना असते आणि चांगले अंक पहिल्या दिवसांतच फिरायला लागतात, म्हणून तिथे नाव आधीच द्या.

प्रत्येक पुस्तकात एक कोरा कागद घालून ठेवा आणि त्यावर पान क्रमांक व एखादी ओळ लिहीत जा. पन्नास पानं वाचूनही मन लागत नसेल तर पुस्तक परत करा आणि त्याच रकान्यातलं दुसरं आणा. गुडरीड्स या संकेतस्थळावर वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवत असाल तर नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे शोधून बघा, आणि पुस्तक संपलेल्या दिवशीच तारीख भरा. तारीख राहिली तर ते पुस्तक वर्षाच्या आकड्यात धरलं जात नाही, आणि डिसेंबरात सगळ्या तारखा आठवत बसावं लागतं.