गाडीचं बंद कूलिंग ओपन कसं करायचं: प्रेशरवाली बाटली काढून कॅपवाली सिस्टीम

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण इथे इंदूरात तीन गॅरेजवाल्यांना विचारलं आणि तिघांनीही ओपन म्हणजे ढक्कन ढिलं सोडणं असंच सांगितलं. एक तर म्हणाला, "भिया, ढक्कन आधा घुमा के छोड़ दो, प्रेशर बनेगा ही नहीं." अहो प्रेशर तर हवंच आहे! इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या पातेल्यात पाणी 98 डिग्रीलाच उकळतं, आणि मे महिन्यात एसी लावून मानपूरचा घाट चढताना इंजिनचं पाणी शंभराच्या वर सहज जातं. 1.1 बार प्रेशर धरणारी कॅप असेल तर तेच पाणी 120 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे ओपन सिस्टीममध्ये इंजिन आणि रेडिएटर प्रेशरखालीच राहतात, उघडी असते ती फक्त बाटली.

फरक एवढाच. बंद सिस्टीममध्ये रेडिएटरला कॅपच नसते, बोनेटखाली सगळ्यात उंच जागी एक प्लास्टिकची बाटली असते, तिच्यातूनच गरम कूलंट फिरतं आणि प्रेशरची कॅप तिच्यावरच. ओपनमध्ये कॅप रेडिएटरवर, गरम झाल्यावर फुगलेलं जास्तीचं कूलंट बारीक पाइपातून साध्या बाटलीत जातं आणि गाडी गार झाली की तेच परत ओढलं जातं. आपल्या मारुती 800 ला, ओम्नीला हीच सिस्टीम.

मी हे का केलं तर बाटलीला कंटाळून. माझी जुनी डिझेल हॅचबॅक, महेश्वरहून आईला घेऊन परत येत होतो आणि घाट संपता संपता बोनेटमधून वाफ. बघितलं तर बाटलीच्या जोडावर केसाएवढी चीर, पिवळं पडलेलं प्लास्टिक, बोट लावलं तर बिस्किटासारखा कपचा निघाला. पुटी लावून घरी आलो, ती पुटी चार दिवस टिकली. नवीन बाटली कुठे मिळेना, जुन्या बाजारातली आणली ती पण दोन महिन्यांत त्याच जागी फुटली. तुमच्या गाडीची नवीन बाटली मिळत असेल तर सरळ ती आणि तिची कॅप बदला आणि हे पुढचं वाचूच नका, खरं सांगतो. याने गाडी जास्त थंड बिंड चालत नाही, फक्त प्रेशर खाणारं प्लास्टिक रस्त्यातून हटतं. अमेरिकेत 1987 ते 1990 च्या 4 लिटर जीप चेरोकीवाले पण याच कारणाने हे करतात, त्या गाडीला कंपनीनेच 1991 पासून रेडिएटरवर कॅप दिली.

आता काम. इंजिन पूर्ण गार पाहिजे, मी रात्रभर ठेवली आणि सकाळी पोहे खाऊन सुरू केलं. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, काढून कूलंट परातीत घ्या, नालीत सोडू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटायला येतात, म्हणून परात तशीच उघडी सोडून आत चहाला जाऊ नका.

मग बघायचं की तुमच्या गाडीत सगळ्यात उंच जागा कोणती. सगळं काम यावरच अडतं. बंद सिस्टीममध्ये बाटली उंचावर असल्यामुळे हवा आपोआप तिच्यात जमा होते, ती काढली की हवेला जायला दुसरी वाट पाहिजे. माझा रेडिएटर इंजिनच्या हेडपेक्षा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापेक्षा, चांगला दोन बोटं खाली, म्हणजे कॅपवाला रेडिएटर आणून बसवला असता तरी हवा हेडमध्येच अडकली असती. म्हणून मी वरच्या होजमध्ये, हेडच्या अगदी जवळ, अॅल्युमिनियमचा फिलर नेक टाकला, म्हणजे वर कॅप बसायचं तोंड असलेला नळीचा तुकडा. होज मधून कापायचा, नेक आत सरकवायचा, दोन्हीकडे क्लिप. नेकचा बाहेरचा व्यास होजच्या आतल्या मापाचाच घ्या, ढिला घेऊन क्लिप आवळत बसलात तर होज कापला जातो.

जुन्या बाटलीला दोन पाइप असतात. बारीकवाला हेडमधून किंवा रेडिएटरच्या वरून येतो, तो हवा आणि वाफ काढायचा. तो बूच लावून बंद करू नका, नाहीतर हेडमध्ये वाफ कोंडते आणि टेंपरेचरचा काटा नॉर्मल दाखवत असताना हेडचं गास्केट, म्हणजे इंजिनच्या सांध्यातलं सील, जातं. मी लेथवाल्याकडून नेकला कॅपच्या सीटच्या (कॅपचा प्रेशरचा रबर टेकतो ती कड) खाली 8 एमएमचा एक निप्पल, म्हणजे पाइप चढवायची छोटी नळी, लावून घेतला आणि हा पाइप तिथे जोडला. सीटच्या खाली, हे दोनदा वाचा. सीटच्या वर जो तयार निप्पल असतो तो नवीन बाटलीसाठी, तिथे जोडलात तर कॅपला बायपास होऊन सगळं प्रेशर सरळ बाटलीत. लेथवाल्याने पहिल्यांदा वरच लावला होता, परत जावं लागलं.

जाडवाला पाइप खाली कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या ओढीकडे जातो. तिथला टी (तीन तोंडांचा जोड) काढून सरळ होज टाकला तर बेस्ट. रबरी टोपी आणि क्लिपवर भरवसा ठेवू नका, उष्णतेने ती चिरते, टी ठेवायचाच असेल तर धातूचं बूच मारा.

कॅप घेताना तिच्या पोटाकडे बघा. खाली स्प्रिंगवाला रबर असतो तो प्रेशरचा, त्याच्या मध्यभागी छोटा व्हॉल्व्ह असतो तो परत ओढायचा, पण अगदी वर पत्र्याच्या झाकणाखाली पण एक रबर रिंग पाहिजे. ती नसलेली कॅप घेतली तर गार होताना गाडी बाटलीतून कूलंट ओढायच्या ऐवजी बाहेरची हवा ओढते, आणि मग लोक म्हणतात ओपन केली की पाणी पिते. आकडा जुन्या कॅपपेक्षा वर जाऊ देऊ नका, जुने होज आणि हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) झेपवत नाहीत. माझ्या जुन्या बाटलीच्या कॅपवर 1.2 बार होतं, मी 1.1 लावली.

बाटली कोणतीही साधी चालते, मी ओम्नीची लावली, सायलेन्सरपासून लांब. फक्त आतली नळी तळापर्यंत गेली पाहिजे आणि बाटलीच्या झाकणाला हवेचं भोक पाहिजे. जुन्या बाटलीत लेव्हलचा सेन्सर असेल तर तो आता गेला, म्हणजे डॅशबोर्डची लाइट पण गेली, त्याच्या बदल्यात वेगळा टेंपरेचर मीटर लावून घ्या, याच्यात कंजूषी नको.

भरायला बोअरचं पाणी नको, क्षाराने रेडिएटरच्या नळ्या बुजतात. नळाचं नर्मदेचं पाणी प्यायला चांगलं पण इथे ते पण नको, डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कूलंट अर्धं अर्धं. गाडीचं तोंड जॅकने वर करा, हीटर फुल गरमवर, कॅप उघडी, आणि हळूहळू ओता, मधेमधे वरचा होज दाबत राहा, गडगड करत बुडबुडे येतात. मग स्टार्ट करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि लेव्हल पटकन खाली जाते, तेव्हा परत भरून कॅप लावा, बाटली अर्धी भरा. थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मिळेलच, फुकटचा असतो, ऐकू नका.

बाटलीवर मार्करने रेघ मारा. एक चक्कर मारून या, गरम असताना लेव्हल रेघेच्या वर, दुसऱ्या दिवशी सकाळी परत रेघेवर किंवा थोडी खाली. वर जाऊन तिथेच राहिली तर वरची रबर रिंग किंवा मुडपलेला पाइप. आणि बाटलीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गास्केट गेलंय, त्याला ओपन-बंद काहीही करून उपयोग नाही. माझी दोन दिवस थोडी थोडी खाली गेली, अडकलेली हवा निघत होती, नंतर सिमरोलचा घाट चढवून आणला तेव्हापासून रेघेवरच आहे.

शेवटी नेकच्या शेजारी एक पट्टी चिकटवा, "कूलंट इथून बघा, गाडी गार असताना". कारण बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो असं या सिस्टीममध्ये होऊ शकतं, आणि सर्व्हिसिंगला गेल्यावर पोऱ्या फक्त बाटलीच बघणार.